सुट्ट्यांतली नाकाबंदी : आधी दवंडी, मग पकडापकडी?

वाटसरू

सुट्ट्यांचा हंगाम जवळ आला की एक ठरलेली बातमी येते. 'मद्यपी चालकांवर पोलिसांची करडी नजर.' अमुक इतकी पथकं, तमुक इतकी ब्रेथ अ‍ॅनालायझर यंत्रं, जागोजागी नाकाबंदी. सोबत फोटो : चमकत्या पट्ट्यांचं जाकीट घातलेला पोलीस आणि गाल फुगवून मशीनमध्ये फुंकणारा कुणीतरी.

माझा प्रश्न सरळ आहे. आज रात्री गस्त आहे, असं चोराला कुणी आधी कळवतं का? मग इथेच दवंडी कशाला? ज्याला पिऊन चालवायचीच आहे तो आतल्या रस्त्याने जातो. ग्रुपवर मेसेज फिरतो, 'पुलाखाली उभे आहेत, वरून ये'. आठवडाभर जोर दाखवायचा आणि सुट्ट्या संपल्या की बॅरिकेड गोळा करून मोकळं व्हायचं. बाकीचं वर्ष रस्ता तळीरामांना आंदण.

माझं मत : न सांगता, वर्षभर, कुठेही तपासणी व्हावी. सुट्ट्यांतला प्रकार फोटोपुरता आहे. पटत नसेल तर का पटत नाही ते लिहा. दारू प्यावी की पिऊ नये हा विषय नाही, हे आधीच सांगून ठेवतो. (तरी धागा तिकडे जाणारच.)

निवांत

पहिला! जागा पकडून ठेवतो, जेवून येऊन वाचतो.

शंभूनाना

पूर्ण अनुमोदन. शिवाय पकडले जातात ते दुचाकीवाले. काळ्या काचांची गाडी आली की 'जाऊ द्या, जाऊ द्या'. फोन लावला की सुटका. हा खेळ बघून बघून डोळे पिकले.

आकडेमोड

वाटसरू, तुमच्या पायालाच हात घालतो. नाकाबंदीचा हेतू पकडणं हा नाहीच. म्हणजे दुय्यम आहे. हेतू असा की माणसाने घरून निघतानाच गाडीची किल्ली खुंटीवर ठेवावी. चोराचं उदाहरण म्हणूनच इथे लागू पडत नाही. चोर चोरी करायलाच निघालेला असतो, पिऊन चालवणारा निघताना तसं ठरवून निघत नाही. तो निघतो मजा करायला, आणि 'बघू परत येताना' असं म्हणतो. त्या 'बघू'वर पोलिसांना काम करायचं असतं. ते दवंडीशिवाय कसं होणार?

पुरावा हवा असेल तर ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सचं उदाहरण घ्या. १७ डिसेंबर १९८२ला, म्हणजे ऐन ख्रिसमसच्या तोंडावर, तिथे रँडम ब्रेथ टेस्टिंग सुरू झालं. संशय असो नसो, थांबवलेल्या प्रत्येक चालकाने फुंकायचं. वर्तमानपत्रं, टीव्ही, सगळीकडे प्रचंड जाहिरात. जीवघेणे अपघात जवळपास पाचव्या हिश्शाने घटले, आणि हा परिणाम वर्षानुवर्षं टिकला. इतर देशांतल्या अभ्यासांचे एकत्रित आढावेही असंच सांगतात. नाकाबंदी नीट राबवली तर दारूमुळे होणारे अपघात साधारण सतरा ते वीस टक्के कमी होतात.

तिरकस

'बघू परत येताना' म्हणणाऱ्याला परत येताना दोन दोन रस्ते दिसतात, त्यातला नाकाबंदी नसलेला तो निवडतो. :)

वाटसरू

आकडेमोड, न्यू साउथ वेल्समध्ये ते वर्षभर चालतं ना? मग तुम्ही माझाच मुद्दा सिद्ध केलात की!

आकडेमोड

अर्धा. 'वर्षभर' मान्य. 'न सांगता' मुळीच मान्य नाही.

दक्षिणध्रुव

मी तिकडेच राहते, म्हणून थोडी भर. इथे ती मोठी बस उभी असते, लोक तिला बूझ बस म्हणतात. आतच पुढच्या चाचणीची सोय असते. बस मुद्दाम ठळक ठिकाणी असते, लांबून दिसावी म्हणून. पण शेजारच्या गल्लीच्या तोंडाशी एखादी मोटरसायकल किंवा साधी गाडी उभी असते, बस बघून वळणाऱ्यांसाठी. म्हणजे वाटसरूंचा 'आतला रस्ता' पोलिसांनाही माहीत असतो हो.

दुसरं म्हणजे इथे कुणालाच थांबवलं जाण्याचा अपमान वाटत नाही. सकाळी अकरा वाजता, मुलांना पोहायला घेऊन जाताना मला थांबवलंय. फुंका, धन्यवाद, जा. सगळं मिनिटभरात. तोंडाचा वास घेणं, डोळ्यांत बघणं, 'कुठून आलात' विचारणं, यातलं काहीच नाही. सगळ्यांना सारखंच वागवल्यामुळे शंभूनानांची काळ्या काचांची तक्रारही बरीचशी निकालात निघते.

शंभूनाना

ताई, तिथे निघत असेल. यंत्राला ओळख लावता येत नाही हे खरं, पण यंत्र कुणापुढे धरायचं हे माणूसच ठरवतो ना?

वकीलीण

शंभूनाना, हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. मिशिगन विरुद्ध सिट्झ, १९९०. काहीही संशय नसताना नाक्यावर सरसकट गाड्या थांबवणं म्हणजे नागरिकाच्या हक्कांवर गदा नाही का, असा वाद होता. सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल पोलिसांच्या बाजूने लागला. त्रास थोडा आणि सार्वजनिक हित मोठं, असं बहुमताचं म्हणणं. गंमत म्हणजे खुद्द मिशिगनच्या न्यायालयांनी नंतर राज्याच्या घटनेवर बोट ठेवून हे नाके बंद केले. आजही तिथल्या बऱ्याच राज्यांत असे नाके लावत नाहीत. त्याऐवजी जास्तीच्या गस्ती गाड्या फिरवतात.

जिथे लावतात तिथे गाड्या निवडण्याचं सूत्र आधी ठरवून देतात. प्रत्येक गाडी, किंवा प्रत्येक तिसरी. रस्त्यावरच्या शिपायाच्या मर्जीवर काही ठेवायचं नाही, हा त्यामागचा विचार. जाहीर सूचनेलाही म्हणूनच महत्त्व आहे. अंधारात अचानक कुणी गाडी अडवली तर माणूस घाबरतो, पोलीस असणार हे आधी माहीत असलं तर तितका घाबरत नाही.

आपल्या मोटार वाहन कायद्यात कलम १८५ आहे. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की गुन्हा. त्याच कलमात अमली पदार्थाच्या अंमलाखाली चालवणंही येतं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

खडीसाखर

३० म्हणजे किती पेग? (मित्रासाठी विचारतोय.)

डॉ_खोकला

मित्राला सांगा, असा हिशोब करू नये. एकाच मापाची दारू वजन, स्त्री की पुरुष, पोट भरलेलं की रिकामं, किती वेळात प्यायली, यावर वेगवेगळी चढते. जेवणामुळे दारू रक्तात हळू शिरते, नाहीशी होत नाही. इंग्लंड-वेल्समध्ये मर्यादा ८० आहे, स्कॉटलंडने २०१४च्या डिसेंबरात ती ५०वर आणली, स्वीडनमध्ये १९९०पासून २०. शरीर सगळीकडे एकच, मर्यादा मात्र चौपट वेगळ्या. तेव्हा 'मर्यादेच्या आत आहे म्हणजे ठीक आहे' हा निष्कर्ष काढायला जागा नाही. लक्ष विभागणं, वेळेत ब्रेक मारणं, हे त्याच्या बऱ्याच आधी बिघडायला लागतं.

मी कॅज्युअल्टीत काम केलं आहे. सुट्ट्यांच्या रात्री जे येतात त्यांत पिणारा एक असतो आणि न पिता भोगणारे दोन-तीन असतात. मागे बसलेली बायको, समोरून आलेला कुणीतरी, रस्त्याच्या कडेने चालणारा कुणीतरी. याहून जास्त तपशील लिहीत नाही.

आता दुर्लक्षित मुद्दा : दुसरी सकाळ. रक्तातलं अल्कोहोल तासाला दर १०० मिलिलिटरमागे साधारण १५ मिलिग्रॅमने उतरतं, कुणाचं थोडं कमी, कुणाचं थोडं जास्त. समजा रात्री एक वाजता रक्तात १२० आहे. माणूस शहाण्यासारखा टॅक्सीने घरी गेला, झोपला. सकाळी सातला उठला तेव्हा कुठे तो ३०वर येतो. त्याच्या आधी सहाला सहलीला निघाला असेल तर तो कायद्याने मद्यपी चालकच आहे, आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. काळी कॉफी, थंड पाण्याची आंघोळ, लिंबू, ताक, यांनी माणूस जागा होतो. यकृताचा वेग तेवढाच राहतो.

रातपाळी

डॉक्टर, हे प्रिंट काढून आमच्या ऑफिसात लावणार आहे. सहलीची बस सकाळी साडेपाचला निघते आणि ड्रायव्हर रात्री 'थोडीच घेतली' म्हणतो.

तिरकस

'थोडीच घेतली' हे माप जगात सगळीकडे एकच आहे. ग्लास कितीही मोठा असो.

पोलिसाची_बहीण

बराच वेळ वाचतेय, आता राहवत नाही. माझा भाऊ पोलिसात आहे. तुम्ही ज्याला 'फोटोपुरता प्रकार' म्हणता ती त्याच्यासाठी सलग बारा-चौदा तासांची ड्यूटी असते, तीही सगळं जग सुट्टीवर असताना. त्याचा मोठा मुलगा समजायला लागल्यापासून एकही सण बाप घरी नाही.

नाक्यावर काय होतं तेही ऐका. आधी लांबवर शंकू लावून रस्ता अरुंद करायचा, गाडीचा वेग पडला पाहिजे. ही सगळ्यात धोक्याची जागा. पिऊन येणाऱ्याला अंतराचा अंदाज नसतो, आणि पळून जाणारा सरळ अंगावर घालतो. मग काच खाली करायला सांगायची. छोटी मशीन तोंडाजवळ धरून नुसतं बोलायला लावलं तरी हवेत दारू आहे का ते कळतं. संशय आला तर प्रत्येकाला नवी नळी लावून नीट फुंकायला लावायचं. आकडा येतो, पावती छापून निघते. त्यानंतर सुरू होतं खरं नाटक. कुणी रडतं, कुणी ओळख सांगतं, कुणी व्हिडिओ काढतं, कुणी 'फुंकणारच नाही' म्हणून बसतं.

भाऊ म्हणतो, पिणाऱ्याचा त्रास कमी. त्रास असतो शेजारी बसलेल्या शुद्धीतल्या माणसाचा. 'अहो साहेब, एवढ्यासाठी कशाला, सोडा ना.' आता एवढीच शुद्ध होती तर स्टिअरिंगवर तूच का नाही बसलास?

मिहीका

शेवटच्या वाक्याला कडक सलाम.

वाटसरू

पोलिसाची_बहीण, तुमच्या भावाबद्दल आदरच आहे. रोख त्याच्यावर नव्हता, वरच्या नियोजनावर आहे. उलट तुमच्या प्रतिसादावरून वाटतं की एवढी माणसं एका रात्रीत शिणवण्यापेक्षा ती वर्षभर पसरावीत.

सायलेन्सर

फुंकायला नकार दिला तर? आमचा एक मित्र छातीठोकपणे सांगतो, फुंकायचंच नाही, पुरावाच नाही, केस उभी राहत नाही.

वकीलीण

मित्र बदला. बहुतेक देशांत नकार हाच गुन्हा आहे. ब्रिटनमध्ये सबळ कारणाशिवाय नमुना दिला नाही तर पिऊन चालवण्याइतकंच अंगाशी येतं. आपल्याकडे श्वास चाचणीला नकार दिला आणि पोलिसाला अंमलाचा वाजवी संशय असेल, तर वॉरंटशिवाय अटक करता येते. मग डॉक्टरकडे नेऊन रक्त. 'पुरावाच नाही' म्हणणारे सहसा पुढच्या खुर्चीत माझ्यासमोर बसलेले असतात.

प्रयोगशाळा

यंत्राबद्दल गैरसमज फार आहेत म्हणून लिहितो. हातातल्या यंत्रात फ्युएल सेल असतो. श्वासातल्या अल्कोहोलची प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडवर रासायनिक क्रिया होते, त्यातून वीज तयार होते, जितकं अल्कोहोल तितका प्रवाह. फुफ्फुसात रक्त आणि हवा यांचा समतोल असतो म्हणून श्वासावरून रक्ताचा अंदाज बांधता येतो. त्यासाठी साधारण २१०० : १ हे गुणोत्तर धरतात. २१०० मिलिलिटर श्वासात जेवढं अल्कोहोल, तेवढं १ मिलिलिटर रक्तात.

कांदा, वेलची, च्युइंगम, जिभेखाली नाणं, हे सगळे उपाय तोंडाच्या वासावर आहेत. मोजली जाते ती आतून येणारी हवा. म्हणूनच 'अजून फुंका, अजून फुंका' करतात. मात्र उलट बाजूने एक खरी अडचण आहे. अल्कोहोल असलेला माउथवॉश नुकताच वापरला असेल तर तोंडातल्या अंशामुळे आकडा खोटा चढतो. तो पंधरा मिनिटांत उतरतो. त्यामुळे दुसरी चाचणी थांबून मागणं हा रडीचा डाव नाही. मधुमेहींच्या श्वासातल्या अ‍ॅसिटोनला फ्युएल सेल फसत नाही, जुन्या प्रकारच्या स्वस्त सेन्सरचं सांगता येत नाही. आणि यंत्राचं कॅलिब्रेशन, म्हणजे आकडा बरोबर दाखवतंय ना याची जुळणी, वेळच्या वेळी झालं पाहिजे. ते झालंय का, हे विचारायचा हक्क आहे.

या यंत्रांची वंशावळ मजेदार आहे. १९३०च्या दशकात अमेरिकेत हार्गर नावाच्या प्राध्यापकांनी 'ड्रंकोमीटर' केला. त्यात चालकाला चक्क फुगा फुगवायला लावत. १९५४मध्ये बोर्केनस्टाइन यांनी हाताळायला सोपा ब्रेथलायझर काढला. ते तेव्हा पोलीस दलातच होते.

खडीसाखर

फुगा! सुट्टीच्या वातावरणाला जुन्या मशीनच शोभत होत्या.

दिवाभीत

कुणीतरी 'भीती' आणि 'शिक्षा' यांची गल्लत करण्याआधी एक जुनी गोष्ट सांगतो. ब्रिटनमध्ये ९ ऑक्टोबर १९६७ला रस्त्यावरची श्वास चाचणी सुरू झाली. वाहतूक मंत्री बार्बरा कॅसल. बाई, त्यातून स्वतःला गाडी चालवता येत नाही, म्हणून 'हिला काय कळतंय' छापाची टीका ढिगाने झाली. पण पहिल्याच वर्षात रस्त्यावरचे मृत्यू हजाराहून अधिकने कमी झाले.

पुढचा भाग वाटसरूंच्या कामाचा. हा परिणाम काही वर्षांत ओसरत गेला. कायदा तोच, शिक्षा तीच. लोकांना हळूहळू उमगलं की आपल्याला प्रत्यक्षात कुणी थांबवतच नाही. सुरुवातीला सगळ्यांना वाटलं होतं की प्रत्येक वळणावर पोलीस असणार. ते वाटणं विरलं तसे अपघात परतले. म्हणजे दंड वाढवून फार होत नाही, दंड होणारच असं वाटलं पाहिजे. आणि ते वाटणं नुसत्या बातमीवर एखादा मोसम टिकतं. पुढे टिकवायचं तर खरोखर थांबवावं लागतं.

आकडेमोड

दिवाभीत, नेमकं. मी दिवसभर हेच टाइप करून खोडत होतो.

वाटसरू

हे पटलं. म्हणजे दवंडी खोटी ठरली की पुढची दवंडी कुणी ऐकत नाही. मग गाजावाजा करून प्रत्यक्षात चार नाके लावणं हे तर काहीच न करण्यापेक्षा वाईट ना?

दिवाभीत

हो. वाईटच.

सायलेन्सर

अवांतर : नाके दाखवणाऱ्या अ‍ॅपचं काय? त्यावर बंदी नको का?

वकीलीण

फ्रान्सने २०२१मध्ये मधला मार्ग काढला. पोलिसांनी कळवलेल्या भागात अ‍ॅपने चालकांना तपासणीची खबर द्यायची नाही. दारू-अमली पदार्थांच्या तपासणीसाठी ही मुदत दोन तासांपर्यंत. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी २०१९मध्ये गूगलला पत्र लिहून त्यांच्या वेझ या रस्ते दाखवणाऱ्या अ‍ॅपवरचे नाके काढायला सांगितलं होतं, त्यावर अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा वाद उठला.

दक्षिणध्रुव

नाका दोन तासांनी उठून दुसरीकडे गेला की अ‍ॅप आणि ग्रुप दोन्ही शिळे होतात. मोठ्या नाक्याला भरपूर मनुष्यबळ लागतं, पण चार-पाच जणांचे छोटे नाकेही परिणाम करतात, अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियात हे करून पाहिलंय. वाटसरूंची 'माणसं पसरवा' ही सूचना त्यात बसते.

कडूलिंब

तुम्ही सगळे पोलिसांकडूनच अपेक्षा करताय. मी न पिणारा. आमच्या टोळक्यात दर वेळी गाडी माझ्याच गळ्यात. बेल्जियममध्ये म्हणे १९९५पासून अशा माणसाला 'बॉब' म्हणतात, त्याच्या नावाने सरकारी मोहीम आहे, पोलीस शाबासकी म्हणून किल्लीची साखळी देतात. इकडे मला काय मिळतं? मागच्या सीटवरून रस्ता सांगणारे तीन नॅव्हिगेटर, तिघांचे तीन पत्ते. एकाला मध्येच उतरून जुन्या मास्तरांना भेटायचं असतं. रात्री दोनला.

तिरकस

मास्तर भेटले का?

कडूलिंब

मास्तर रिटायर होऊन गावी गेले, हे त्याला दारात उभं राहून दहा मिनिटं समजावलं.

मिहीका

हसून हसून पुरेवाट! पण कडूलिंब यांचा मुद्दा गंभीर आहे. 'कमी प्यायलेला चालवेल' ही आपल्याकडची व्यवस्था असते. निघायच्या वेळी ठरवतात, आणि कोण कमी प्यायलंय हे ठरवणारे सगळे प्यायलेले. बायकांचं तर विचारूच नका. 'तुम्ही द्या किल्ली' म्हटलं की चारचौघांत अपमान केल्यासारखं तोंड. मी आता घरून निघतानाच किल्ली माझ्या पर्समध्ये टाकते. भांडण घरी होऊन जातं, तिथे होत नाही.

रातपाळी

पण ज्याच्याकडे बॉबही नाही आणि मिहीकाही नाही, त्याने जायचं कसं? रात्री एकनंतर बस नाही, टॅक्सीवाला तिप्पट मागतो किंवा येतच नाही. काही शहरांत वर्षअखेरच्या रात्री बस-रेल्वे उशिरापर्यंत आणि फुकट ठेवतात. नाकाबंदी आणि शेवटची बस यांचं वेळापत्रक एका टेबलावर बसून ठरवायला काय हरकत आहे?

शंभूनाना

दुकानंच लवकर बंद करा. प्रश्न मिटला.

दिवाभीत

शंभूनाना, कोलंबियात बोगोटाच्या अंतानास मोकुस या महापौरांनी १९९५च्या डिसेंबरात तेच केलं, रात्री एकला बार बंद. आधी तत्त्वज्ञान-गणिताचे प्राध्यापक. लोकांनी त्या वेळेला 'गाजर तास' म्हटलं, तिकडे गाजर म्हणजे सरळमार्गी, नाकासमोर चालणारा माणूस.

मला याहून आवडलेली कल्पना रिओची. ब्राझीलने २००८मध्ये पिऊन चालवण्याविरुद्ध 'कोरडा कायदा' आणला, २००९पासून रिओत त्याच नावाची मोहीम चालते. नाक्यावर लांबून दिसणारा उजळलेला मोठा फुगा असतो. आणि मोहिमेतले काही लोक व्हीलचेअरवर बसून बारमध्ये टेबलाटेबलाशी जातात. ते स्वतः अशाच अपघातांत सापडलेले असतात. त्यांना भाषण करावं लागत नाही.

डॉ_खोकला

हे माहीत नव्हतं. धन्यवाद.

बिनधास्त_बंडू

इतका वेळ गप्प होतो. सगळे एकाच बाजूने बोलताय म्हणून लिहितो. मी वीस वर्षं गाडी चालवतोय, दोन घेऊनही चालवतो, एक ओरखडा नाही. काहींना चढत नाही, हे सत्य आहे. सगळ्यांना एकाच आकड्याने मोजणं हा अन्याय आहे.

प्रयोगशाळा

बंडू, सवयीने 'चढल्यासारखं वाटणं' कमी होतं, रक्तातला आकडा तोच राहतो. बोर्केनस्टाइन यांनीच १९६०च्या दशकात मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स शहरात अपघात झालेले आणि न झालेले हजारो चालक मोजून तुलना केली. ८०च्या पुढे अपघाताची शक्यता झपाट्याने वर जाते.

पोलिसाची_बहीण

'मला चढत नाही' हे वाक्य भाऊ एका रात्रीत इतक्या वेळा ऐकतो की आता मशीन काढायच्या आधी तोच म्हणतो, 'चढत नाही ना? बरं, फुंका.'

बिनधास्त_बंडू

ठीक आहे, एकटा पडलो. पण मत बदललेलं नाही.

निवांत

जेवून आलो. इथे तर रामायण झालंय. दारूबद्दल सगळं आलं, पण गोळ्या-गांजाचं काय? सुट्टीत दारू न पिता गांजा ओढून चालवणारे मशीनमध्ये सापडतच नाहीत.

दक्षिणध्रुव

त्यासाठी लाळेची चाचणी असते. आमच्या शेजारच्या व्हिक्टोरिया राज्याने डिसेंबर २००४मध्ये रस्त्यावर सरसकट सुरू केली. पुन्हा सुट्टीचाच महिना बघा. पण तिला वेळ लागतो, खर्च येतो, आणि लाळेत अंश सापडला म्हणजे त्या क्षणी अंमल होताच असं नाही, यावर इथे अजून वाद आहेत. इंग्लंड-वेल्सने २०१५मध्ये वेगवेगळ्या अमली पदार्थांच्या रक्तातल्या मर्यादा ठरवल्या, त्यात डॉक्टरांनी दिलेली काही औषधंही आहेत.

वकीलीण

यंत्र नसेल तिथे चालणं-बोलणं-डोळे बघून डॉक्टरी तपासणी. अमेरिकेत तीन ठरलेल्या चाचण्या आहेत : हलत्या वस्तूमागे नजर फिरवताना बुबुळ थरथरतं का, सरळ रेषेत टाचेला चवडा लावून चालून वळणं, आणि एका पायावर उभं राहणं.

शंभूनाना

एका पायावर मला न पिताही उभं राहता येत नाही. गुडघे.

वाटसरू

मूळ प्रश्नाकडे येतो. दवंडीबद्दलचा माझा आक्षेप आता राहिला नाही, आकडेमोड आणि दिवाभीत यांनी तो खोडला. पण 'फोटोपुरता' हा शब्द मागे घेत नाही. कारण सुट्ट्या संपल्यावर जी बातमी येते ती नेहमी 'इतक्या जणांवर कारवाई' अशी असते. एकूण किती जणांनी फुंकलं, हे कुठेच नसतं. शंभरातले पन्नास सापडले आणि दहा हजारांतले पन्नास सापडले यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात पोलिसांनी झिंगलेले तेवढे वेचले, दुसऱ्यात खरी तपासणी झाली. छातीवर हात ठेवून सांगा, तुमच्यापैकी किती जणांना शुद्धीत असताना फुंकायला लावलंय?

आकडेमोड

फार चांगला मुद्दा. माहिती अधिकारात विचारता येईल : महिन्यागणिक चाचण्यांची संख्या, वेळ, नाक्याची जागा. महिन्यागणिक मागितलं की सुट्ट्यांचा उंचवटा आणि बाकीचं वर्ष आपोआप शेजारी शेजारी दिसेल. मसुदा करतो, वकीलीणबाईंनी तपासावा.

वकीलीण

पाठवा. प्रश्न छोटे ठेवा, 'का' विचारू नका, 'किती' विचारा. 'का'चं उत्तर द्यायला ते बांधील नसतात.

मिहीका

मला तर एकदाही फुंकायला लावलेलं नाही. नवऱ्याला लावलं, मला बघून 'ताई, तुम्ही जा' म्हणाले. बाई पीतच नाही असं गृहीत धरून.

पोलिसाची_बहीण

हे भावाला विचारते. आमच्याकडे महिला कर्मचारी नाक्यावर नसली तर असं होतं, असा माझा अंदाज. विचारून लिहिते.

सायलेन्सर

गाडीतच मशीन बसवा ना राव. फुंकल्याशिवाय सुरूच होणार नाही.

प्रयोगशाळा

आहे ते. अल्कोहोल इंटरलॉक. बऱ्याच देशांत एकदा सापडलेल्यांना सक्तीने बसवायला लावतात. युरोपीय संघात जुलै २०२२पासून नव्या प्रकारच्या गाड्यांत ते जोडण्याची सोय ठेवावीच लागते, बसवणं मात्र सगळ्यांना सक्तीचं नाही.

कडूलिंब

म्हणजे मागच्या सीटवरचे तिघे मला आता फुंकायलाही बोलावणार.

निवांत

एक शंका राहिली. खोकल्याच्या औषधात अल्कोहोल असतं ना? ते घेऊन नाक्यावर सापडलो तर?

डॉ_खोकला

काही औषधांत थोडं असतं. ठरलेल्या मात्रेत घेतलं तर रक्तात फारसं दिसणार नाही. नुकतंच घेतलं असेल तर माउथवॉशसारखं, पंधरा मिनिटं थांबून पुन्हा चाचणी मागा. मला काळजी दुसरीच आहे. सर्दी-खोकल्याच्या पुष्कळ औषधांनी गुंगी येते, ती मशीनमध्ये दिसत नाही. बाटलीवर 'वाहन चालवू नये' असं बारीक अक्षरात असतं, ते आधी वाचा. कुठलं औषध आहे?

निवांत

बाटलीवरचं लेबल निघून गेलंय. फोटो टाकतो थोड्या वेळात.